सेरामाइडचं क्रीम: ग्रॅमला किती, महिन्याला किती

डिसेंबर लागला की नाशिक-नागपूरकडच्या मेडिकलमध्ये भेगांची मलमं काउंटरवर पुढे येतात. अलीकडे त्यांच्या शेजारी सेरामाइड हे नाव मिरवणाऱ्या ट्यूबाही दिसू लागल्या आहेत. कुठे ५० ग्रॅमला साडेतीनशे रुपये, कुठे ५० मिलीच्या कोरियन बरणीला दोन हजार, तर कुठे पाव किलोच्या वरचा मोठा डबा. कॉलेजात जाणारी मुलगी एक नाव सांगते, केमिस्ट दुसरंच काढून देतो, आणि आजीचं म्हणणं असतं, खोबरेल लावा की!

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. सेरामाइड हे थोतांड नाही. पण ते अंगभर चोपडण्याइतकं स्वस्तही नाही, आणि तेवढी गरज फार थोड्यांना असते. चेहऱ्याला, किंवा कातडी जिथे खरोखर बिघडली आहे तिथे, परवडत असेल तर जरूर घ्या. बाकी अंगाला ग्रॅममागे दोन-तीन रुपयांच्या आतलं साधं मॉइश्चरायझर पुरतं. आणि या दोन्हींच्या आधी अंगाचा साबण बघा.

हे सेरामाइड करतं काय?

कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर. सगळे मिळून जाडी जेमतेम मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी. पीटर एलायस या अमेरिकन त्वचाशास्त्रज्ञाने या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली आणि ती जगभर रूढ झाली. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधल्या फटी बुजवणारा स्निग्ध पदार्थ म्हणजे मसाला. या मसाल्यात वजनाने जवळपास निम्मा वाटा सेरामाइडचा, साधारण पाव कोलेस्टेरॉलचा आणि उरलेल्यात मुख्यतः मेदाम्लं. हो, तेच कोलेस्टेरॉल, ज्याचा रिपोर्ट आला की घरात तूप बंद होतं. कातडीला ते हवंच असतं.

मसाला पक्का असला की अंगातलं पाणी सहजासहजी उडून जात नाही, आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत शिरत नाहीत. तो भुसभुशीत झाला की अंघोळीनंतर चेहरा ओढल्यासारखा होतो, नडगीवर पांढरे खवले दिसतात, आणि वर्षानुवर्षं लावत आलेलं क्रीमही अचानक झोंबायला लागतं. हे झोंबणं मी सगळ्यात भरवशाची खूण मानते. अॅटोपिक एक्झिमाच्या रुग्णांच्या कातडीत सेरामाइड कमी असतं, हे जपानी संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं. वय वाढलं की ते घटतं आणि थंडीतही घटतं. म्हणून साठीच्या पुढच्या माणसांच्या पायांना जानेवारीत सगळ्यात जास्त खाज सुटते.

एक गोष्ट जाहिरातीत सहसा येत नाही. या तीन घटकांपैकी एकटंच काही लावलं तर उपयोग होईलच असं नाही. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत एकटं सेरामाइड किंवा एकटं कोलेस्टेरॉल लावल्यावर बिघडलेली भिंत उलट उशिराच भरून आली. तिन्ही एकत्र लावल्यावर मात्र ती नीट भरली, आणि ठरावीक प्रमाणात लावल्यावर लवकर भरली. तेव्हा डब्याच्या पुढच्या बाजूला सेरामाइड असं ठळक लिहिलेलं असलं, तरी मागच्या बाजूला कोलेस्टेरॉल आणि एखादं मेदाम्ल आहे का, हे बघायला हवं.

आधी साबण

सेरामाइड कातडी स्वतःच बनवते. ते बनवणाऱ्या विकरांना किंचित आंबट वातावरण लागतं, आणि निरोगी कातडीचा पीएच पाचच्या आसपास असतोच. नेहमीच्या साबणाचा पीएच नऊ ते दहा. दिवसातून दोनदा अंगभर साबण घासला तर वरचा मसालाही धुपतो आणि नवा बनवणारी विकरंही मंदावतात. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी असेल, बादलीच्या कडेला पांढरा थर धरणारं, तर साबण नीट निघतही नाही, अंगावर राहतो आणि तिथे चुरचुर करतो. मराठवाड्यात, विदर्भात हे पाणी कित्येक घरांत बारमाही आहे.

यावरचा पहिला उपाय फुकटचा आहे. साबण काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरताच वापरायचा. हातापायांना आणि पाठीला रोज साबणाची गरज नसते, शेतात किंवा गॅरेजमध्ये काम करून आलेल्यांची गोष्ट वेगळी. पाणी कोमट, कढत नको. दुसरा उपाय सिंडेट वडीचा. दिसायला ती साबणासारखीच, पण साबण नसलेली, पीएच साडेपाचच्या आसपास. ७५ ग्रॅमच्या वडीला साधारण दीडशे ते तीनशे रुपये पडतात. साध्या वडीच्या चौपट दर वाटतो खरा, पण ती फक्त चेहऱ्याला आणि कोरड्या भागाला वापरली, खाली जाळीची साबणदाणी ठेवली आणि पाण्यात विरघळू दिली नाही, तर दीड-दोन महिने जाते. म्हणजे महिन्याला शंभर-दीडशे. जाता जाता कराचंही सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये अंघोळीच्या साबणाच्या वडीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, क्रीमवरचा मात्र १८ टक्केच राहिला.

आणि सेरामाइडचा फेसवॉश? घेऊ नका. अर्ध्या मिनिटात मोरीत जाणाऱ्या वस्तूत महाग कच्चा माल घातला काय आणि न घातला काय. फेसवॉश सौम्य असला म्हणजे झालं. शीट मास्कलाही हेच लागू.

ट्यूबची मागची बाजू

आता एक ट्यूब उलटी करू. घटकांची यादी पाण्यापासून सुरू होते, मग ग्लिसरीन, मग सेटिअरिल अल्कोहोल, एखादं ट्रायग्लिसराइड, डायमेथिकोन किंवा पेट्रोलेटम. सेटिअरिल अल्कोहोलच्या नावाला बिचकू नका. तो मेणचट स्निग्ध पदार्थ आहे, स्पिरिटसारखं कोरडं करणारं अल्कोहोल नव्हे. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कोणत्याही क्रमाने चालतात. यादीत फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक दिसलं की तिथे मनात रेघ मारायची. ते जास्तीत जास्त एक टक्का घालतात, म्हणून त्याच्या पुढचं जवळजवळ सगळं एक टक्क्याच्या आतलं. सेरामाइड एनपी, सेरामाइड एपी, सेरामाइड ईओपी ही नावं बहुतेक वेळा याच रेघेपलीकडे सापडतात.

यात फसवणूक नाही. सेरामाइड महाग असतं आणि क्रीममध्ये ते टक्क्याच्या काही दशांशातच घालतात. खटकतो तो कॉम्प्लेक्स हा शब्द. ५ टक्के सेरामाइड कॉम्प्लेक्स असं छापलेलं असतं, तेव्हा ते पाच टक्के कारखान्याने विकत घेतलेल्या तयार मिश्रणाचे असतात आणि त्या मिश्रणातही पाणी आणि इतर घटकच जास्त. मिश्रणात खरं सेरामाइड शेकडा एक-दोन भाग असेल, तर क्रीममध्ये ते शेवटी हजारात जेमतेम एक भाग उरतं. उलट ज्या कंपनीने ०.३ टक्के सेरामाइड असं साधं लिहिलं, तिच्याकडे प्रत्यक्षात जास्त असू शकतं. मोठा आकडा बघून हात घालू नये.

मग मॉइश्चरायझरचं निम्म्याहून जास्त काम करतं कोण? ग्लिसरीन आणि पेट्रोलेटम. एक पाणी धरून ठेवतं, दुसरं ते उडू देत नाही. दोन्ही अत्यंत स्वस्त. म्हणून ट्यूब निवडताना मी आधी हे दोन कितव्या नंबरला आहेत ते बघते, मग कोलेस्टेरॉल, मग सेरामाइड. नायसिनामाइड असेल तर तेही चांगलं, कारण ते पेशींना जास्त सेरामाइड बनवायला लावतं, आणि तुलनेने स्वस्तही आहे. सुवास मात्र नको. बिघडलेल्या कातडीला अत्तराचा खर्च सोसत नाही, पैशानेही आणि खाजेनेही.

काळ्या काचेची बाटली, हवाबंद पंप वगैरे थाटाला जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. सी व्हिटॅमिन हवा-उजेडाने खराब होतं, सेरामाइड त्या मानाने टिकाऊ आहे. साधी ट्यूब उत्तम. बरणी घेतलीच तर ओलं बोट आत घालायचं नाही, चमच्याची दांडी वापरायची.

पेरांचा हिशेब

आता खरा मुद्दा. डब्यावरची किंमत सोडून द्या, ग्रॅममागची बघा. त्यासाठी कॅल्क्युलेटरही लागत नाही. छापील किमतीच्या खाली यूएसपी अशी बारीक ओळ असते आणि पुढे ग्रॅमचा किंवा मिलीचा दर. २०२१ मध्ये वजनमाप नियमांत झालेल्या दुरुस्तीने ती छापणं बंधनकारक केलं, तरी तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

बाजारात फिरलं तर चित्र साधारण असं दिसतं. ऑनलाइन गाजणाऱ्या देशी ब्रँडांची ५० ग्रॅमची सेरामाइड ट्यूब तीनशे ते पाचशेला, म्हणजे ग्रॅमला सहा ते दहा रुपये. औषध कंपन्यांची किंवा त्वचारोगतज्ज्ञ लिहून देतात त्यांतली १०० ग्रॅमची ट्यूब साडेतीनशे ते सहाशेला, म्हणजे साडेतीन ते सहा. परदेशी ब्रँडचा मोठा डबा बघताना छाती दडपते, पण तो दीड-दोन हजारांना ३५०-४५० ग्रॅमचा असतो, म्हणजे तोही चार ते सहा रुपयांतच बसतो. कोरियन छोटी बरणी वीस रुपयांच्या पुढे. आणि सेरामाइड नसलेलं? मेडिकलमधलं पॅराफिनचं साधं मॉइश्चरायझर दीड ते तीन रुपये, पेट्रोलियम जेली दोनच्या आत, ग्लिसरीन रुपयाच्या आसपास. हे दर दुकानागणिक आणि सेलगणिक हलतात, तुम्ही स्वतः यूएसपी वाचून ताडून घ्या.

लागतं किती, याचं माप डॉक्टर बोटाच्या पेरावर सांगतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबमधून ओढलेली क्रीमची रेघ म्हणजे एक पेर, पुरुषाच्या बोटावर साधारण अर्धा ग्रॅम, बाईच्या बोटावर ०.४. एवढ्यात दोन पसरलेल्या हातांइतकी जागा माखली जाते. चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं, एक हात पंजासकट चार, एक पाय पावलासकट आठ, पोट-छातीला सात आणि पाठीला सात. अख्ख्या अंगाला चाळीसच्या आसपास, म्हणजे एका वेळेला वीस ग्रॅम.

आता गुणाकार करा. चेहऱ्याला-मानेला रोज दोनदा लावलं तर महिन्याला ७५ ग्रॅम. आठ रुपये दराने सहाशे, चार रुपये दराने तीनशे, कोरियन पंचवीसच्या दराने पावणेदोन हजारांच्या पुढे. रात्रीच लावलं तर निम्मं, ५० ग्रॅमची ट्यूब महिना-सव्वा महिना जाते. बहुतेकांच्या चेहऱ्याला हे रात्रीचं एक वेळ पुरतं, खास करून मुंबई-कोकणच्या दमट हवेत. पण अंगभर, रोज एकदा? महिन्याला ६०० ग्रॅम! आठच्या दराने ४,८०० रुपये. दोन रुपयेवाल्या साध्या मॉइश्चरायझरने तेच काम १,२०० मध्ये होतं. त्यातही अंगभर लावण्याऐवजी नडग्या, कोपरापुढचा हात आणि पंजे एवढ्याच कोरड्या पडणाऱ्या भागांना लावलं तर दिवसाला अकरा पेरं, महिन्याला १६५ ग्रॅम, ३३० रुपये. खरं म्हणजे घरचा खर्च कुठे कमी करायचा तो इथेच. लोक उलटं करतात, महागडी ट्यूब घेतात आणि ती संपू नये म्हणून वाटाण्याएवढी लावतात. मग कोरडेपणा जात नाही आणि दोष क्रीमला जातो.

कुणी जास्त पैसे मोजावेत

मुरुमांसाठी अॅडापेलीन, ट्रेटिनॉइन, बेंझॉइल पेरॉक्साइड लावणारे किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणारे यांनी. या औषधांनी चेहरा सोलवटतो आणि बरेच जण त्यापायी औषधच सोडून देतात. त्यांना पेट्रोलियम जेलीचा चिकटपणा नको असतो, तिथे सेरामाइडचं हलकं क्रीम कामाला येतं. दिवसभर हात पाण्यात असणाऱ्यांनीही हे क्रीम घ्यावं, म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या बाया, नर्स, ब्यूटी पार्लरमधल्या मुली. पंजांना दिवसातून तीन-चारदा लावलं तरी एका वेळेला दोनच पेरं लागतात, १०० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरते. कामाला बाई असेल तर ही ट्यूब तिच्या हाती ठेवायला काय हरकत आहे? शक्य तर रबरी हातमोजेही.

तेलकट, निरोगी चेहऱ्याच्या, काहीही तक्रार नसलेल्या विशीतल्या मुलामुलींनी मात्र पैसे वाचवावेत.

एक्झिमा असलेल्या लहान मुलांच्या आईवडिलांना सगळ्यात महाग सल्ले मिळतात, म्हणून त्यांच्यासाठी जरा थांबते. अशा मुलांना मॉइश्चरायझर भरपूर लागतं. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगतात. महिन्याला एक ते दोन किलो! आठ रुपये ग्रॅमने हा हिशेब मध्यमवर्गीय घराचं कंबरडं मोडेल. सुदैवाने तशी गरज दिसत नाही. कोक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात मॉइश्चरायझरने एक्झिमा सौम्य राहतो हे दिसलं, पण एक प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. ब्रिटनमध्येच ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना झाली, २०२२ मध्ये निकाल आला, आणि परिणामात फरक आढळला नाही. म्हणजे मूल जे लावून घेईल आणि घराला जे दर महिन्याला परवडेल ते घ्यावं. घरात एखाद्याला एक्झिमा आहे म्हणून नव्या बाळाला आधीपासूनच महागडी क्रीमं चोपडणंही नको. १,३९४ बाळांवरच्या ब्रिटिश अभ्यासात वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावूनही एक्झिमा टळला नाही.

आजीच्या खोबरेलाचंही सांगते. त्यात सेरामाइड नाही, पण पाणी उडणं ते रोखतं, आणि एक्झिमाच्या मुलांवर फिलिपिन्समध्ये झालेल्या एका चाचणीत शुद्ध (व्हर्जिन) खोबरेलाने मिनरल ऑइलपेक्षा चांगला गुण दिला. सोसत असेल तर अंग टिपून, ओलसर असतानाच लावा. खोबऱ्याचे भाव चढले की ते स्वस्त पडेलच असं मात्र नाही. बाळाच्या मालिशीसाठी हौसेने ऑलिव्ह तेल आणत असाल तर ते स्वयंपाकघरात ठेवा. शेफील्डमधल्या अभ्यासात त्याने मोठ्यांच्या कातडीचीही भिंत कमकुवत केली, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही.

घेताना आणि घेतल्यावर

परदेशी क्रीम घेताना डब्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक हवा. तो नसेल आणि किंमत निम्मी असेल तर खुशीत येऊ नका. कॉम्बोमध्ये क्रीमसोबत फेसवॉश आणि टोनर गळ्यात मारतात, त्यापेक्षा एकटी मोठी ट्यूब ग्रॅममागे स्वस्त पडते. पण पहिल्यांदा घेताना लहानच घ्या, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघा, मग मोठी. उघड्या डब्याच्या चित्रात १२ एम असं लिहिलेलं असतं, ते उघडल्यानंतरचे महिने. बिल जपून ठेवा. माल बनावट निघाला किंवा छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

दोन आठवडे नीट लावूनही फरक नसेल, खाजेने झोप मोडत असेल, पाणी सुटत असेल, किंवा कडा उंचावलेला गोल चट्टा असेल तर तो कोरडेपणा नव्हे. तिथे क्रीमवर आणखी पैसे घालू नका. मुंबई-पुण्यात खासगी त्वचारोगतज्ज्ञाची फी साधारण पाचशे ते दीड हजार. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात त्वचेची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून घ्या. मध्ये केमिस्टने एखादी दुसरीच ट्यूब पुढे केली तर तिच्यावर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन यांपैकी काही लिहिलंय का ते वाचा. ती स्टेरॉइडं आहेत. चार दिवसांत आराम पडतो आणि चार महिन्यांत कातडी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ प्रकारची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत. चिठ्ठी नसेल तर ती ट्यूब काउंटरवरच परत करा.